इथं आधी कोण होतं?

हे मनन सावकाश वाचायचं आहे. जिथं ‘थांबा’ म्हटलं आहे तिथं खरंच थांबा. पुढचा परिच्छेद कुठं पळून जात नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ टेका, दोन्ही पावलं जमिनीला टेकू द्या. डोळे मिटायची गरज नाही.

आपल्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, केपटाऊनला जायचं आहे. सगळं शहर बघायचं नाही, फक्त समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतची जुनी मध्यवस्ती. अंतर दोन-तीन किलोमीटरचं. पर्यटक ते एका सकाळी उरकतात. आपल्याला घाई नाही.

भिलाईत राहणाऱ्याला जुन्या शहराचं अप्रूप असतं. आपल्याकडं प्रत्येक गोष्टीला तारीख आहे. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला. पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. सेक्टरला आकडा, स्ट्रीटला आकडा, क्वार्टरला आकडा. पत्ता सांगताना इथं कुणी पारावरच्या मारुतीची खूण सांगत नाही. आणि समुद्र बघायचा तर रेल्वेत रात्र काढून पुरी नाहीतर विशाखापट्टणम गाठावं लागतं. तेव्हा जुनं शहर आणि समुद्र एकाच ठिकाणी मिळणार म्हटल्यावर आपण जरा हरखूनच निघतो.

सामान फार नको. एक प्रश्न बरोबर घ्या: इथं आधी कोण होतं, आणि ते कुठं गेलं? प्रत्येक मुक्कामावर हाच विचारायचा. उत्तर मिळालं तर ऐकायचं, नाही मिळालं तर तोच प्रश्न घेऊन पुढं चालायचं.

डोंगर आणि कुंपण

शहरात पाऊल टाकताच आधी भेटतो वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा, आणि त्या दिवसांत आग्नेयेकडून असा वारा सुटतो की माणूस कोपऱ्यावर वळताना खांब धरतो. हा वारा हवा स्वच्छ करतो अशी समजूत आहे, म्हणून लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. समोर टेबल माउंटन, १,०८५ मीटर उंच, माथा पार सपाट. वाऱ्याबरोबर त्या माथ्यावर पांढरा ढग पसरतो आणि कड्यावरून खाली ओघळू लागतो, पण गावापर्यंत कधी पोचत नाही. खाली येता येता हवा तापते आणि ढग अर्ध्या वाटेतच विरतो.

थांबा. त्या ढगाच्या खालच्या कडेवर नजर ठेवा. वरून नवा ढग येतोच आहे, खालून तो विरतोच आहे, कड मात्र जागच्या जागी दिसते. काही श्वास तेवढंच बघा.

आता प्रश्न विचारा. इथं आधी कोण होतं? खोइखोइ नावाचे पशुपालक लोक होते. डोंगरावरून गोड्या पाण्याचे झरे खाली येत, खाली गवत माजे, आणि ऋतू पाहून हे लोक आपली गुरं-मेंढरं घेऊन इथं उतरत. ६ एप्रिल १६५२ ला डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान फान रिबेक इथं आला. कंपनीला राज्य थाटायचं नव्हतं. हॉलंडहून पूर्वेकडं जाणाऱ्या जहाजांना वाटेत पाणी, मांस आणि भाजीपाला मिळावा एवढीच गरज होती. लिंबू-भाजीवाचून महिनोन् महिने समुद्रावर राहिलेले खलाशी स्कर्व्हीनं मरत. म्हणजे सुरुवात झाली ती भाजीच्या वाफ्यापासून.

वाफ्याला जमीन लागते. १६५९ मध्ये चराऊ रानांवरून पहिली लढाई झाली. तहाच्या बोलण्यांत खोइखोइ पुढाऱ्यांनी फान रिबेकला विचारलं की आम्ही हॉलंडमध्ये येऊन असंच वागलो असतो तर तुम्ही चालवून घेतलं असतंत का. हा सवाल त्यानं स्वतःच्या रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे, आणि जमीन आता तलवारीनं जिंकलेली आहे हा आपला जबाबही. १६६० मध्ये त्यानं वसाहतीच्या कडेनं रानटी कडू बदामाचं कुंपण लावायला घेतलं, खोइखोइंची गुरं आत येऊ नयेत म्हणून. त्या कुंपणाचा एक भाग कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात आजही जिवंत आहे. तलवारी गंजल्या, करार विरले, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही कुंपणाला पालवी फुटते आहे.

सरकलेला किनारा

आता समुद्राच्या बाजूला उभे राहू. रुंद रस्ते, उंच कचेऱ्या, आणि एक उड्डाणपूल जो हवेतच संपतो. त्याचं काम १९७७ मध्ये थांबलं ते थांबलंच. या भागाला फोरशोर म्हणतात. तुमच्या पायाखाली जमीन वाटते, पण १९३० च्या दशकापर्यंत इथं पाणी होतं. मोठ्या जहाजांसाठी नवी गोदी खणली, तिच्यातून उपसलेली वाळू समुद्रात टाकत गेले आणि जवळजवळ १९४ हेक्टर नवी जमीन तयार झाली. पूर्वी पुळणीच्या कडेनं जाणारा स्ट्रँड स्ट्रीट आता गावाच्या पोटात आहे. तिथं उभं राहिलं तर लाट ऐकूही येत नाही.

मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना भरावाचं नवल नाही. पण इथं त्या भरावाचा एक साक्षीदार आहे: कॅसल ऑफ गुड होप, १६६६ ते १६७९ या काळात बांधलेला पंचकोनी किल्ला. त्याचं मूळ दार समुद्राच्या अंगाला होतं. उधाणाच्या भरतीला लाटा थेट दारात शिरू लागल्या, तेव्हा १६८० च्या दशकात ते दार बंद करून दुसऱ्या बाजूला नवं काढलं. आज त्या दाराशी उभं राहा. समोर रस्ता, रेल्वे, गाड्यांची रांग. ज्या समुद्राच्या भयानं दार हलवलं, तो समुद्रच माणसांनी हलवला.

थांबा. जी गोष्ट कायमची म्हणून आपण गृहीत धरतो, तिच्याकडं या दारातून बघा. किनारासुद्धा सरकवता येतो. सरकवणाऱ्याच्या हाती सत्ता, यंत्रं आणि नकाशा असला म्हणजे झालं. ही गोष्ट लक्षात असू द्या. थोड्या वेळानं माणसांच्या बाबतीत ती पुन्हा समोर येणार आहे.

पायाखालचं पाणी

अ‍ॅडर्ली स्ट्रीटनं डोंगराकडं चालू लागा. फुलवाल्या बायका बादल्यांत फुलं मांडून बसल्या आहेत. भाव विचारला तर विनोद करून गिऱ्हाईक थांबवतील. डावी-उजवीकडं दुकानं. रेल्वे स्टेशनासमोरच्या गोल्डन एकर या बाजारसंकुलात शिरा. तळाशी, कपड्यांच्या आणि खाण्याच्या दुकानांमधून वाट काढत गेलं की दगडी हौदाचे अवशेष दिसतात. हा १६६३ मध्ये बांधलेला जलाशय. जहाजांना पाणी भरून देण्यासाठी. १९७० च्या दशकात संकुलाचा पाया खणताना तो सापडला.

हौदात पाणी नाही, पण पाणी गेलेलंही नाही. डोंगरावरचे झरे पूर्वी उघड्या कालव्यांतून गावभर वाहत. पुढं ते झाकले. आजही ते रस्त्यांखालच्या बोगद्यांतून वाहत समुद्राला मिळतात. २०१८ च्या दुष्काळात या शहरावर माणशी दिवसाला ५० लिटर पाण्यात भागवायची पाळी आली होती, बादलीत उभं राहून अंघोळ आणि तेच पाणी संडासाला. त्या दिवसांतही खाली हे पाणी अंधारात वाहतच होतं.

इथल्या संग्रहालयांत आणखी एक गोष्ट ठेवली आहे: खलाशांचे टपालाचे दगड. वसाहत व्हायच्याही आधी इथून जाणारी जहाजं किनाऱ्यावर दगड ठेवत, त्यावर जहाजाचं, कप्तानाचं नाव आणि तारीख कोरत, आणि दगडाखाली मेणकापडात गुंडाळलेली पत्रं ठेवून पुढं जात. उलट्या दिशेनं येणारं जहाज ती पत्रं उचलून मायदेशी नेई. कुणी वाचेल याची खात्री नसताना दगडाखाली पत्र ठेवणाऱ्या माणसाचा हात डोळ्यांपुढं आणा.

थांबा. तुमच्या गावात पायाखालून काय वाहतं आहे जे झाकल्यामुळं दिसत नाही? उत्तराची घाई नको.

महिन्यांची नावं असलेली माणसं

अ‍ॅडर्ली स्ट्रीटच्या वरच्या टोकाला कंपनीची बाग लागते. तोच तो भाजीचा वाफा, आता सावलीचं उद्यान झालेला. इथं एक नासपतीचं झाड आहे. फान रिबेकच्या काळातलं मानतात, देशातलं लावणीचं सर्वांत जुनं. खोड फुटून वेगळं झालं आहे, फांद्यांना टेकू दिले आहेत, तरी ते जगलं आहे. त्याच्या सावलीत थोडं बसायला हरकत नाही.

पण बागेला पाणी कुणी घातलं? बागेच्या तोंडाशीच उत्तर उभं आहे. स्लेव्ह लॉज, म्हणजे कंपनीच्या गुलामांची कोठी, १६७९ ची. बाहेरच्या भिंतींना त्या काळी धड खिडक्याही नव्हत्या. १८११ पर्यंत इथं माणसं कोंडून ठेवली जात. पुढं याच भिंतींत सरकारी कचेऱ्या आल्या, वरिष्ठ न्यायालय आलं, आणि आता संग्रहालय आहे. इतिहासकार रॉबर्ट शेल यांच्या अंदाजानं १६५२ ते १८०८ या काळात साधारण ६३,००० गुलाम केपमध्ये आणले गेले, आणि त्यांतले सुमारे चौथाई हिंदुस्थानी उपखंडातले होते. बंगालचे, मलबारचे, कोरोमंडलचे. बाकीचे मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियाच्या बेटांवरचे.

त्यांची घरातली नावं बहुतेक कागदावर उतरलीच नाहीत. मालकानं दिलेलं नाव आणि पुढं मुलूख: अमुक ‘फान बेंगाले’, तमुक ‘फान मलाबार’. कित्येकांना नाव दिलं ते महिन्याचं. सप्टेंबर, फेब्रुवारी, एप्रिल. आजही केपटाऊनमध्ये सप्टेंबर आडनावाची माणसं भेटतात.

मागच्या बाजूला स्पिन स्ट्रीटवर, रस्त्याच्या मधोमध, जमिनीत बसवलेली एक गोल पाटी आहे. पायाखाली येईल इतकी साधी. ज्या झाडाखाली गुलामांचे लिलाव होत असं सांगतात ते झाड इथं होतं. १९१६ मध्ये ते तोडलं. शेजारच्या चर्च स्क्वेअरमध्ये २००८ पासून काळ्या ग्रॅनाइटचे अकरा ठोकळे आहेत, त्यांवर गुलामांची नावं कोरली आहेत. दुपारी कचेरीतली माणसं त्यांवर बसून डबा खातात. आधी खटकतं, मग वाटतं की बरंच आहे. त्या नावांच्या वाट्याला इतकी वर्षं कुणाची सोबत आली होती?

एक नाव थोडं जवळून बघू. आन्सेला फान बेंगाले. १६५७ मध्ये ती फान रिबेकच्या घरात गुलाम म्हणून आली. १६६६ मध्ये ती मुक्त झाली. पुढं तिनं गावात जमीन मिळवली, बाग केली, भाजी विकली, आणि १६६९ मध्ये आर्नोल्डस बासोन नावाच्या डच माणसाशी लग्न केलं. दक्षिण आफ्रिकेतली अनेक गोरी घराणी आपली वंशावळ मागं नेतात तेव्हा या बंगाली बाईपाशी येऊन पोचतात. वर्णभेदाच्या कायद्यांनी ज्यांना शुद्ध गोरे ठरवलं, त्यांतल्या कितीतरी जणांची ही पणजी.

थांबा. इथं आधी कोण होतं, या प्रश्नाचं उत्तर आता थोडं अडचणीचं होत चाललं आहे. ते सोडवायला जाऊ नका. आन्सेलाचं नाव मनात एकदा उच्चारा आणि पुढं चला.

कोतळूकचा माणूस

किल्ल्याच्या जवळ ग्रँड परेड नावाचं मोठं मैदान आहे आणि त्याच्या कडेला सिटी हॉल, १९०५ मध्ये खुला झालेला, मधाच्या रंगाच्या दगडाचा. ११ फेब्रुवारी १९९० ला, सत्तावीस वर्षांच्या कैदेनंतर, नेल्सन मंडेला याच्या सज्जात उभे राहून पहिल्यांदा लोकांशी बोलले. बहुतेक प्रवासी या सज्जाचा फोटो काढून निघतात. मराठी माणसानं मात्र आणखी एक आठवण काढायला हवी.

२२ ऑक्टोबर १९१२ ला केपटाऊनच्या बंदरात गोपाळ कृष्ण गोखले उतरले. तिथल्या हिंदी लोकांवरच्या जाचक कायद्यांची चौकशी करायला आले होते. गांधीजी त्यांना घ्यायला आले आणि दौराभर सावलीसारखे बरोबर राहिले. केपटाऊनला जाहीर सभा झाली. गोखल्यांचं इंग्रजी म्हणजे तोलून-मापून घडवलेलं. पण पुढं ट्रान्सवालमध्ये पोचल्यावर गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला. कारण साधं होतं: सभेला कोकणी मुसलमान बरेच होते, थोडे मराठी हिंदू होते, आणि त्यांना गोखल्यांचं मराठी ऐकायचं होतं. भाषांतर गांधीजी स्वतः हिंदुस्थानीत करणार म्हणाले. गोखले त्यांच्या मराठीची थट्टा करत हसले, पण कबूल झाले, आणि मग परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत अशा सभांतून मराठीतच बोलले. ही हकिकत गांधीजींनीच दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवली आहे.

गोखल्यांचा जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूकचा. ऐकणारे कोकणी मुसलमानही त्याच मुलखातले. सभा सुरू होण्याआधी कुणीतरी दबक्या आवाजात ‘तुम्ही खंयचे?’ असं शेजाऱ्याला विचारलंच असेल, अशी कल्पना करायला काय हरकत आहे?

परवाना

केपटाऊनमधल्या कोकणी माणसांची गोष्ट नाताळमधल्या गिरमिट्यांपेक्षा वेगळी. नाताळात १८६० ते १९११ या काळात उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर नेले. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली ही मुसलमान माणसं मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वतःच्या खर्चानं, एकामागून एक, गावकऱ्याचा हात धरून केपटाऊनला आली. फेरीवाल्याची टोपली, फळं-भाजी, कोपऱ्यावरचं दुकान. भाताचं एक पीक आणि खाडी यांवर घर चालत नव्हतं, तेव्हा कोकणानं मुंबईला माणसं पाठवली. काहींनी मुंबईच्या धक्क्यावरून पुढं पाहिलं इतकंच.

बायका-मुलं बहुधा गावीच राहत. १९०२ च्या कायद्यानं केप वसाहतीत नव्यानं येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता येणं सक्तीचं केलं. १९०६ च्या कायद्यानं आणखी एक गोष्ट आणली: गावी जाऊन परत यायचं असेल तर निघण्याआधी परवाना काढायचा. त्यावर फोटो, आणि परतण्याची मुदत. मुदत टळली तर वर्षानुवर्षं जमवलेला राहण्याचा हक्क गेला. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या परवान्यांच्या फायलींवर बारकाईनं लिहिलं आहे.

थांबा. असा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला माणूस. टोपी नीट केलेली, मागून आणलेला कोट, नजर ताठ. हा फोटो घरी भिंतीवर लावायचा नाही. परत येणारा मीच, हे अधिकाऱ्याला पटवायचा आहे. गावी आई आजारी, पेरणी तोंडावर, मुलीचं लग्न ठरायचं, आणि मनात एकच हिशेब: बोट कधी, मुदत कधी. गणपतीला रजा मिळेल का, गीतांजली एक्सप्रेसचं रिझर्वेशन होईल का, हा हिशेब आपल्या घरांनीही केला आहे. फक्त परत आल्यावर सेक्टरच्या गेटवर आपला फोटो कुणी ताडून पाहिला नाही. तो फरक फार मोठा आहे. त्याच्यापाशी थोडं रेंगाळा.

गवत

कोकणी कुटुंबांपैकी बरीच राहत ती डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये. किल्ल्यामागच्या चढावरची ही वस्ती १८६७ मध्ये पालिकेचा सहावा प्रभाग ठरली. मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, ज्यू दुकानदार, मलायी शिंपी, काळे गोदी कामगार, गुजराती, कोकणी, सगळे एका उतारावर. हॅनोव्हर स्ट्रीट हा तिचा मुख्य बाजार. दाटी होती, गळकी घरं होती, गुंड होते. उगाच सोनं चढवायचं कारण नाही.

११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारनं ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव केली. वर मंडेलांच्या भाषणाची तारीख पाहिलीत, तीच तारीख, चोवीस वर्षं आधीची. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत ६०,००० वर माणसं उठवली, घरांवर बुलडोझर फिरवला. कातडीच्या रंगाप्रमाणं वर्गवारी करून प्रत्येकाला शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर वेगवेगळ्या ठिकाणी धाडलं. हिंदी म्हणून नोंद झालेल्यांच्या वाट्याला रायलँड्ससारख्या वसाहती आल्या. मशिदी आणि चर्च पाडली नाहीत, म्हणून मोकळ्या माळावर ती एकटी उरली. आणि लोक लांबून बस बदलत नमाजाला, प्रार्थनेला तिथंच येत राहिले. जमिनीचा मोठा भाग मात्र ओसाडच राहिला, कारण बदनाम झालेली ती जागा घ्यायला फार कुणी धजावेना. अजूनही तिथं पुष्कळ ठिकाणी नुसतं गवत आहे. २००४ पासून थोडी कुटुंबं परतली आहेत.

जवळच्या एका जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये १९९४ पासून डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आहे. आत शिरताच जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा पसरला आहे. तिथं राहून गेलेली माणसं वाकून आपल्या घराच्या जागी स्वतःच्या अक्षरात नाव लिहून गेली आहेत. वर रस्त्यांच्या निळ्या पाट्या टांगल्या आहेत. पाडापाडीच्या कामावरच्याच एकानं त्या फेकून न देता जपून ठेवल्या होत्या. नकाशावर चालताना पाय आपोआप जपून पडतात, कुणाच्या नावावर पडू नये म्हणून.

थांबा. किल्ल्याचं बंद दार आठवा. किनारा सरकवायला लागलं तेच इथंही लागलं: सत्ता, यंत्रं, नकाशा. आणि आता विचारा, इथं आधी कोण होतं? या एकाच उतारावर आधी खोइखोइंची गुरं चरत होती, मग मळे झाले, मग गुलामांच्या नातवंडांची घरं झाली, त्यांत आपल्या कोकणातला एकजण पेरूची टोपली घेऊन येऊन राहिला, आणि शेवटी सगळ्यांनाच हाकललं. जो आला त्याच्याआधी कुणीतरी होतं. जो गेला त्याच्यानंतरही कुणी येणारच आहे.

प्रश्नाची किंमत

एव्हाना मन हळवं झालं असेल. तेवढ्यावर मनन थांबवलं तर ते लबाडीचं होईल. दुसऱ्याच्या शहरात हळहळायला काही पडत नाही. तिकिटाच्या पैशात ती हळहळ मिळतेच. तोच प्रश्न आपल्या गल्लीत विचारायचा झाला की त्याची खरी किंमत कळते.

रिसाली, मरोदा, रुआबांधा, खुर्सीपार. ही नावं तुम्ही रोज घेता, रिक्षावाल्याला सांगता, गॅसच्या पुस्तकावर लिहिता. प्लांट येण्याआधी ती गावं होती. भिलाई हेसुद्धा एक गावच होतं. तळी होती, धानाची खाचरं होती, बांधावर बाभळी होत्या. कारखान्यासाठी आणि टाउनशिपसाठी कितीतरी गावांची जमीन घेतली. आपल्या आकड्यांच्या सेक्टरांखाली बिनआकड्यांची शेतं आहेत.

दोन्ही ठिकाणचं दुःख एका तागडीत घालून तोलायचं नाही. डिस्ट्रिक्ट सिक्स उठवलं ते माणसाच्या कातडीकडं बघून. भिलाईत नव्या देशाला पोलाद हवं होतं. जमिनीचा मोबदला दिला गेला, काहींना प्लांटमध्ये नोकऱ्या लागल्या, आणि त्या पोलादाचे रूळ देशभर पसरले. या कामाचा अभिमान वाटत असेल तर तो मोडून काढू नका. पण अभिमान आहे म्हणून प्रश्न बाद होत नाही. ज्याचं शेत होतं त्याला रुळांचा अभिमान पुरला का, हे त्यालाच विचारायला हवं, आणि आपण ते क्वचितच विचारलं आहे.

आपली जागा मोठी विचित्र आहे. मराठी माणूस या मुलखात पहिल्यांदा आला तो घोड्यावरून, १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या फौजेबरोबर. त्यानंतर शंभरावर वर्षं छत्तीसगडनं नागपूरकर भोसल्यांना सारा भरला. दुसऱ्यांदा आला तो नागपूर, अमरावती, भंडाऱ्याहून पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि सायकलवरून प्लांटच्या गेटवर हजर झाला. एकदा सारा घेणारा, एकदा पगार घेणारा. केपटाऊनच्या कोकणी दुकानदारासारखे आपणही परमुलखात येऊन कष्टानं उभे राहिलो हे खरं, आणि ज्या जमिनीवर उभे राहिलो ती आपल्यासाठी कुणीतरी रिकामी केली हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता आली पाहिजेत. एक म्हणताना दुसरं गिळायचं नाही.

थांबा. दोन्ही वाक्यं मनात सावकाश म्हणा. पहिल्यावर छाती फुगली तर फुगू द्या, दुसऱ्यावर घसा अडकला तर अडकू द्या. दोन्ही संपेपर्यंत श्वास चालू ठेवा.

आता एक छोटं काम. या आठवड्यात तुमच्या ओळखीतल्या एखाद्या म्हाताऱ्या छत्तीसगडी माणसाशी बोला. दूधवाला असेल, माळी असेल, आपल्या जावयाचे आजोबा असतील, प्लांटमधून निवृत्त झालेले तुमचेच जुने सहकारी असतील. एरवी आपण त्यांच्याशी हिंदीत बोलतो, या वेळी त्यांच्या बोलीत विचारा: “कका, तुँहर जुन्ना गाँव कोन कोती रिहिस?” उच्चार चुकेल, ते हसतील, मग हात वर करून एखाद्या दिशेला दाखवतील आणि सांगू लागतील. तळ्याचं नाव येईल, कुणाचं खाचर कुठं होतं ते येईल, मोबदल्याची जुनी तक्रार येईल, मधेच आपल्या लोकांबद्दल एखादं कडू वाक्यही येईल. त्या वाक्यापाशी खुलासा द्यायला जाऊ नका. उत्तर लांबणार आहे, तेव्हा भाजी आणायला निघाला असाल तर आधी आणून ठेवा आणि मगच विचारा.